शांघायला थाटात जायचं तर आधी शिंप्याची तारीख

शांघायची आखणी करताना बहुतेक जण आधी विमान बघतात, मग हॉटेल आणि शेवटी पाहायच्या जागांची यादी करतात. सहल थाटाची हवी असेल तर सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. या शहरात दोन गोष्टी तुमच्या सोयीने चालत नाहीत. एक म्हणजे अंगावर माप घेऊन शिवलेला कपडा, दुसरी म्हणजे नदीकाठचे दिवे. कपड्याला माप, ट्रायल आणि शेवटची दुरुस्ती अशा तीन खेपा पडतात. दिवे तिन्हीसांजेला लागतात आणि रात्री दहाच्या सुमारास विझतात. या दोन्ही वेळा कागदावर मांडून बाकीचं त्यांच्या मधे बसवलं की सहा रात्री पुरतात. चार रात्रींत शिवणकामाची फरफट होते.

मोसमाचं आधी सांगते. मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर, हे दोन काळ चांगले. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे रिपरिप पाऊस लागतो, कपडे वाळत नाहीत आणि रेशमावर डाग पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५च्या वर, हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट, त्यात वादळांची भर. हिवाळ्यात तापमान शून्य ते आठ अंशांच्या आसपास असतं, पण थंडी ओली असल्यामुळे हाडात शिरते. उत्तर चीनसारखी सरकारी उष्णतेची व्यवस्था इथल्या इमारतींत नाही, त्यामुळे जुन्या घरांतले कॅफे आतूनही गार असतात. नोव्हेंबरच्या शेवटी गिंको पिवळे होतात आणि काही ठरावीक रस्त्यांवरचा पाचोळा महापालिका मुद्दाम झाडत नाही. फोटोंसाठी जाणाऱ्यांनी तोच आठवडा धरावा. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्षाचा आठवडा मात्र टाळा. पहिल्या दोन सुट्ट्यांत बंडवर, म्हणजे नदीकाठच्या जुन्या दगडी इमारतींच्या रस्त्यावर, पोलीस साखळी करून गर्दी सोडतात, आणि नववर्षात शिंपी गावाला गेलेले असतात.

एप्रिल-मे निवडणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या रस्त्यांवर दुतर्फा जी प्लेनची (चिनारच्या जातीची) झाडं आहेत, त्यांचा पिवळसर कापूस त्या दिवसांत हवेत उडतो. ज्यांना धुळीने शिंका येतात त्यांनी मास्क जवळ ठेवावा.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टला पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा आणि मग पासपोर्ट जमा करायचा. फोटो ३३ गुणिले ४८ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, कान दिसणारा. आपल्याकडच्या स्टुडिओत पासपोर्ट साइज सांगितलं की ३५ गुणिले ४५ मिळतो आणि तो परत येतो. विमानाची आणि हॉटेलची सगळ्या रात्रींची बुकिंगं जोडावी लागतात, म्हणून फुकट रद्द होणारी खोली आधी घ्या.

अमेरिकन पासपोर्टवर असलेल्या मराठी मंडळींना वेगळी वाट आहे. तिसऱ्या देशाला जाताना शांघायमध्ये २४० तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येतं. सॅन फ्रान्सिस्को–शांघाय–मुंबई हा प्रवास त्यात बसतो, सॅन फ्रान्सिस्को–शांघाय–सॅन फ्रान्सिस्को बसत नाही. पुढचं पक्कं तिकीट हातात हवं. भारताचं नाव या सवलतीच्या यादीत नाही.

दिल्लीहून शांघायची थेट सेवा नोव्हेंबर २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. मुंबईकर बहुधा हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकवरून जातात आणि ते सोयीचंही पडतं. ग्वांगझूवरून मात्र पुढचा टप्पा देशांतर्गत विमानाचा असतो, आणि तिथे पॉवर बँक घात करते. २८ जून २०२५पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ते चिन्ह नसतं, त्यामुळे ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात. प्लगचा अडॅप्टरही न्या. तिथली सॉकेटं चपट्या पिनांची असतात, आपल्या गोल पिना बसत नाहीत. वीज २२० व्होल्टच आहे, ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

पैसे आणि फोन, म्हणजे खरी परीक्षा

शांघायमध्ये जवळपास सगळे व्यवहार फोनवरच्या अलिपे आणि वीचॅटने होतात, अगदी रताळी भाजून विकणाऱ्यापर्यंत. गोची अशी की २०२०मध्ये भारत सरकारने ज्या चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही आहेत. भारतीय खातं असलेल्या फोनच्या स्टोअरमध्ये ती दिसत नाहीत. दुबई, सिंगापूर किंवा लंडनचा मराठी माणूस हे काम घरबसल्या करून निघतो. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला ते चीनमध्ये उतरल्यावर करावं लागतं, आणि पहिला दिवस त्या हिशेबाने आखावा लागतो.

अँड्रॉइड फोनवर अलिपेच्या अधिकृत संकेतस्थळावरून अ‍ॅप उतरवता येतं. गुगलचं स्टोअर चिनी वायफायवर उघडत नाही, हे लक्षात ठेवा. आयफोनवर स्टोअर खात्याचा देश बदलावा लागतो, आणि खात्यात काही रुपये शिल्लक असतील किंवा एखादी मासिक वर्गणी चालू असेल तर देश बदलतच नाही. शिल्लक संपवणं आणि वर्गण्या बंद करणं हे घरून निघण्याआधीच उरकावं, कारण बंद केलेली वर्गणी तिची मुदत संपेपर्यंत चालूच धरली जाते.

अ‍ॅप चढल्यावर नोंदणी +९१ च्या नंबरवर होते, मग पासपोर्टचा फोटो आणि शेवटी व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड. कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो. डेटा नसला तरी चालेल, पण रोमिंगमध्ये एसएमएस यायला हवेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन असे दोन्ही वापर सुरू करा. एकच सुरू केला तर कार्ड जोडलं जातं आणि पहिल्या दुकानात नाकारलं जातं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडलेली बरी. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे वेगळा आकार घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के लावतं. त्यात आपल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार आला, म्हणजे मोठ्या रकमेवर सहज सहा टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून हॉटेल आणि मोठे मॉल इथे प्रत्यक्ष कार्ड पुढे करा, फोन राहू दे. युआन साधारण १२ ते १३ रुपयांना पडतो, तो हिशेब डोक्यात असू द्या.

पहिल्या दिवसासाठी दीड-दोन हजार युआन रोख न्या, त्यात दहा आणि वीसच्या नोटा भरपूर. रोख नाकारणं कायद्याने चालत नाही, पण दुकानदाराकडे सुटे नसतात, आणि शंभरची नोट घेऊन उभं राहिलं की दोघांचाही वेळ जातो. फोनचं गाडं अडलं तर परदेशी पाहुण्यांसाठीचं शांघाय पास हे आधी पैसे भरायचं कार्ड विमानतळावर मिळतं. मेट्रो, बस आणि अनेक दुकानांत ते चालतं.

इंटरनेटचं गणित सोपं आहे. हॉटेलच्या वायफायवर आणि चिनी सिमवर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, इन्स्टाग्राम काही चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर सगळं चालतं, कारण तो डेटा घरच्या नेटवर्कमधून फिरून येतो. आधी विकत घेतलेलं परदेशी ई-सिमही त्याच कारणाने चालतं. नकाशासाठी गुगल वापरू नका. चीनमध्ये त्याची खूण जागेपासून काहीशे मीटर सरकलेली असते. अ‍ॅपल मॅप्स किंवा अ‍ॅमॅपची इंग्रजी आवृत्ती घ्या. टॅक्सीसाठी अलिपेच्या आतच दीदी ही टॅक्सी बोलवायची सेवा उघडते आणि तिच्यात इंग्रजी आहे. हॉटेलचा आणि शिंप्याचा पत्ता चिनी लिपीत फोटो काढून ठेवा, ड्रायव्हर रोमन अक्षरं वाचतीलच असं नाही.

विमानतळ ते खोली

पुदोंग विमानतळ गावापासून पुष्कळ लांब आहे. मॅग्लेव्ह ही चुंबकावर तरंगणारी गाडी ३० किलोमीटर साधारण आठ मिनिटांत कापते. पूर्वी ती ताशी ४३१पर्यंत जायची, २०२१पासून ३००वर धावते. तिकीट ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. पण ती लोंगयांग रोडला सोडते, तिथून मेट्रो किंवा टॅक्सी वेगळी. दोन मोठ्या बॅगा असतील तर मॅग्लेव्हचा थाट त्या जिन्यांवरच उतरतो. दोघं किंवा जास्त असाल तर सरळ अधिकृत रांगेतली टॅक्सी घ्या, बंडपर्यंत २०० युआनच्या आसपास आणि तासभर. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्यांकडे बघूही नका. परतताना बॅगा हॉटेलच्या गाडीने विमानतळावर आणि तुम्ही मॅग्लेव्हने, ही हौस चालेल.

मुक्काम दोन भागांत करावा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन रात्री बंडजवळ, उरलेल्या चार जुन्या फ्रेंच वसाहतीत किंवा जिंगआन या मधल्या भागात. बंड हे रात्री आणि पहाटे पाहायचं ठिकाण आहे, दिवसा तिथे नुसती गर्दी. उलट वसाहतीतल्या गल्ल्यांत दिवसाउजेडी मजा आहे आणि शिंपी, कॅफे, दुकानं सगळी पायी अंतरावर.

बंडवरचं पीस हॉटेल मराठी माणसाने तिथे राहायचं नसलं तरी आत जाऊन पाहावं. १९२९मध्ये ते बांधलं व्हिक्टर ससूनने. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचं ससून डॉक ज्या घराण्याच्या नावावर आहेत त्यातला हा, डेव्हिड ससूनचा पणतू. मुंबईच्या गिरण्यांतून जमलेला पैसा त्याने शांघायच्या जमिनीत घातला, आणि त्याचं टोक म्हणजे हे तांब्याच्या हिरव्या त्रिकोणी छपराचं आर्ट डेको हॉटेल. मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्यांच्या डोळ्यांत बसल्या आहेत त्यांना लॉबीतल्या रेषा ओळखीच्या वाटतील. खोली घेण्याआधी एक गोष्ट तपासा. इमारतीची अरुंद बाजू नदीकडे आहे आणि लांब बाजू नानजिंग रोडकडे, त्यामुळे नदी दिसणाऱ्या खोल्या मोजक्याच. नुसतं नाव बघून बुकिंग केलं तर खिडकीत नदी नसते. तळमजल्यावर म्हाताऱ्या वादकांचा जॅझ वाजतो. टेबल हॉटेलला सांगून आधी राखावं.

दर लिहिताना शेवटी दोन अधिकची चिन्हं असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ६ टक्के कर लागतो. १,५०० युआनची खोली १,७४९ला पडते. टिप देण्याची पद्धत तिथे नाही, देऊ नका. अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडकवू द्या. डेबिट कार्डवर ती खरोखर कापली जाते आणि परत यायला कधीकधी आठवडे लागतात. पोलिसांकडची परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेल स्वतः करतं. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर मात्र २४ तासांच्या आत ती तुम्हाला करावी लागते.

शिंपी

उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी शिंप्याकडे. पर्यटकांसाठी सोपी जागा म्हणजे लुजियाबांग रोडवरचा साउथ बंड कापड बाजार. मेट्रोची ४ नंबरची लाइन, नानपू ब्रिज स्टेशन, तिथून पायी. मजल्यांवर छोटे छोटे गाळे, प्रत्येकाकडे कापडाचे ताके आणि टांगलेले नमुने. शिवण गाळ्यात होत नाही, माप घेऊन मागच्या कारखान्यात जातं. म्हणूनच तिथे तोंडी बोलणं टिकत नाही, जे कागदावर असेल तेच शिवून येतं.

दुकानातल्या नमुन्यावर बोट ठेवण्यापेक्षा अंगाला नीट बसणारा स्वतःचा एक कपडा न्यावा. शर्ट, ब्लेझर, कोट यांची नक्कल हे लोक उत्तम करतात, कल्पनेतून शिवायला लावलं की चुकतात. पावतीवर पाच गोष्टी लिहून घ्या: कापडाचा तुकडा टाचलेला, अस्तराचा रंग, बटणं, ट्रायलची तारीख, द्यायची तारीख. निम्मी रक्कम आधी, निम्मी कपडा हातात आल्यावर; सगळी आधी मागणारा गाळा सोडा. सांगितलेल्या भावाच्या साठ टक्क्यांपासून बोलणं सुरू करायला हरकत नाही, पण दोन-तीन कपडे एकत्र दिलेत तर उतरतं ते जास्त. भाव कमी करताना लोक एक गोष्ट विसरतात: घासाघीस अति झाली की काटछाट होते ती अस्तरात आणि कॅनव्हासमध्ये (कोटाच्या आतल्या ताठ कापडात), बाहेरून ते कळत नाही.

काश्मिरी लोकर म्हणून दाखवलं जाणारं कापड बहुतेकदा मिश्र असतं. कापडाच्या कडेचा दोरा काढून जाळायला सांगा. लोकर केसासारखी जळते आणि राख चुरडते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो. मिश्र असलं तरी कोट चांगला होऊ शकतो, फक्त भाव मिश्राचा द्या. सुती कापड असेल तर शिवण्याआधी धुऊन घेणार का, विचारा. बहुधा नाही, मग बाही आणि लांबीला थोडं जास्त ठेवायला लावा.

ट्रायलला खांदे पहिले बघा. खांद्याची शिवण उतरली असेल तर ती तिथेच सुधारायला लावा, बाकी सगळं पुण्यातला शिंपी दुरुस्त करेल, खांदा नाही करणार. हात वर करा, समोर मिठी मारल्यासारखे घ्या, खुर्चीत बसा. मुंढा (बाही जोडतात तो काखेतला घेर) खाली कापला असेल तर हात उचलताना सगळा कोट वर येतो. आणि आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती ठेवली आहे ते उलटून पाहा. तीन सेंटिमीटरच्या आसपास माया असेल तर दोन वर्षांनी कंबर वाढली तरी कोट वाचतो.

चीपाओ हा वेगळा विषय, आणि त्यासाठी कापड बाजार नको. उभ्या कॉलरचा, बाजूला चिरा असलेला हा शांघायचा पोशाख. छांगल रोड आणि माओमिंग रोडवर जुनी दुकानं आहेत, जिथे कापड आणि माप एकाच कारागिराच्या हातात असतं. हाताने शिवलेल्या चीपाओला एक ते दोन आठवडे लागतात. सहा रात्रींच्या मुक्कामात तो बसवायचा तर दुकानदाराला परतीची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा आणि मशीनची मुख्य शिवण, हाताचे काठ व बटणं असा मधला मार्ग घ्या. दोऱ्याऐवजी कापडाच्या पट्टीची गाठ घालून केलेल्या बटणांना पानखोऊ म्हणतात, कारागिरी बघायची ती तिथे. गाठ घट्ट, दोन्ही पाकळ्या सारख्या, आणि टाके दिसायला नकोत.

माप देताना ज्या अंतर्वस्त्रांवर आणि ज्या टाचेवर तो घालणार तीच घालून जा, नाहीतर टक्स आणि चिरेची उंची दोन्ही चुकतात. कॉलर चार सेंटिमीटरपासून सुरू होते; मान आखूड असेल तर पाच-सहा सेंटिमीटरची नाटकी कॉलर घेऊ नका, हनुवटी टेकते. चीर बसल्यावर किती वर येते ते आरशात पाहून ठरवा, उभं राहून नाही. ब्लाउजचा घट्ट मुंढा अंगवळणी पडलेल्या बायका इथेही तसाच मागतात, पण चीपाओत कंबरेपर्यंत सगळं एकसंध असतं. मुंढा अति घट्ट झाला की हात हलवला तरी पोटावर चुणी पडते. अस्तर रेशमी घ्या, पॉलिएस्टरवर उन्हाळ्यात घाम टिकतो.

शिवण चालू असतानाचा मधला दिवस सूचौ या शेजारच्या शहराला द्यावा. शांघायहून वेगवान गाडीने साधारण अर्धा तास. तिकिटं १२३०६ या सरकारी अ‍ॅपवर पंधरा दिवस आधी उघडतात. पासपोर्ट हेच तिकीट, स्वयंचलित दारावर तो चालला नाही तर बाजूच्या माणसाच्या रांगेतून जा. स्टेशनवर पाऊण तास आधी पोहोचा, सामानाची तपासणी असते. तिथली जुनी उद्यानं आणि वास्तुकार आय. एम. पेई यांनी रचलेलं २००६चं संग्रहालय दोन्हींना आधी वेळ राखावी लागते.

उजेड आणि रस्ते

बंड नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि इमारतींची तोंडं पूर्वेला. म्हणजे दगडी इमारतींवर ऊन सकाळी पडतं, समोरच्या काठावरच्या पुदोंगमधल्या मनोऱ्यांच्या काचांवर दुपारनंतर. सकाळी सहा-सातला इमारती, संध्याकाळी मनोरे, असं वाटून घ्या. सगळ्या चीनमध्ये एकच घड्याळ आणि शांघाय पूर्वेला, म्हणून डिसेंबरात पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये पाचच्या आधी उगवतो. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. नदीवरच्या झगमगीत क्रूझऐवजी बंडच्या दक्षिण टोकाकडून पलीकडे जाणारी साधी फेरी २ युआनमध्ये तेच दृश्य दाखवते.

कामाच्या दिवशी बँकेच्या वेळेत १२ नंबरच्या इमारतीत डोकवा. १९२३ची हाँगकाँग शांघाय बँक, आता दुसऱ्या बँकेकडे. घुमटाखाली आठ शहरांची मोझॅक चित्रं आहेत आणि त्यांत कोलकाता आहे. फोटो काढू देत नाहीत.

वुकांग रोडला शनिवार-रविवारी जाऊ नका. १९२४ची वुकांग मॅन्शन ही इमारत जहाजाच्या नाळेसारखी पुढे आलेली आहे आणि तिच्या समोरच्या चौकात फोटोवाल्यांची इतकी दाटी असते की पोलीस उभे असतात. मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊच्या आत जा, मग वुकांगवरून आनफू रोडकडे चालत निघा. शांघायची तरुण मंडळी काय घालतात ते आनफूवर कळतं, मोठ्या ब्रँडांच्या मॉलमध्ये नाही. पायांत सपाट तळव्याचे बूट हवेत, दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. कॉफीची दुकानं या शहरात नऊ हजारांहून जास्त आहेत, त्यामुळे बसायला जागा शोधावी लागत नाही.

६३२ मीटरच्या शांघाय टॉवरचं तिकीट आदल्या दिवशी काढू नये. ढग खाली असले की १८० युआन देऊन पांढरा पडदा दिसतो. त्याच दिवशी मान वर करून टोक दिसतंय का बघावं, मगच रांगेला लागावं. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, पुदोंगमधलं शांघाय संग्रहालयाचं नवं पूर्व दालन मात्र मंगळवारी.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

जेवणाच्या वेळा आपल्यापेक्षा लवकरच्या. चांगल्या ठिकाणी नऊ-साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं. बंडचे दिवे पाहून मग जेवू म्हटलं तर उपाशी झोपावं लागेल. साडेसहाला जेवा, आठला नदीवर जा.

शाकाहाऱ्याला अडचण मांसाची नाही, ती दिसते. अडचण आहे न दिसणाऱ्या गोष्टींची: भाजी डुकराच्या चरबीत परतलेली, सूप कोंबडीच्या हाडांचं, सॉस कालवाचा, वरून वाळकी कोळंबी. परतलेल्या फरसबीत आणि मापो टोफूत खिमा असतोच. ‘मांस नको’ म्हटलं की मोठे तुकडे काढतात, बाकी तसंच. म्हणून बौद्ध शाकाहारी जागा धराव्यात. नानजिंग वेस्ट रोडवरचं गोंगदेलिन १९२२पासूनचं, भाव साधे. थाटाची एक संध्याकाळ युयुआन रोडवरच्या फू ह हुईला द्यावी. तिथे पूर्ण शाकाहारी, एकामागून एक येणाऱ्या पदार्थांचं जेवण असतं, मिशेलिन तारे मिळालेलं. आरक्षण हॉटेलकडून करून घ्या. बौद्ध पद्धतीत कांदा-लसूण नसतो, पण कमळाचे कंद, बटाटे, गाजरं असतात, त्यामुळे जैन मंडळींनी विचारूनच घ्यावं. कुठल्याही शांघायी ठिकाणी बहुधा निर्धास्त मागवता येईल असा एक पदार्थ म्हणजे खाओफू: गव्हाच्या प्रथिनाचा जाळीदार गोळा, अळंबी आणि शेंगदाण्यांबरोबर सोया-साखरेत मुरवलेला, थंड वाढलेला. गोड असतो, शांघायची चवच गोडसर.

मासे खाणाऱ्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात केसाळ खेकडे. मादी आधी भरते, नर महिनाभराने. मालवणी रश्शाची अपेक्षा ठेवू नका. नुसता वाफवलेला खेकडा, आल्याचा काळा व्हिनेगर आणि आतली तेलकट पिवळी लाख, म्हणजे गाभोळी.

निघताना

एका दुकानात एका दिवशी २०० युआन किंवा त्याहून जास्त खरेदी झाली आणि ते दुकान करपरताव्याच्या योजनेत असेल, तर पासपोर्ट दाखवून अर्ज लिहून घ्या. दर ११ टक्के, एजन्सीचा आकार वजा जाता हातात ९च्या आसपास येतात. वस्तू न वापरलेली हवी आणि खरेदीपासून ९० दिवसांच्या आत देशाबाहेर जायला हवी. कापड बाजारातले गाळे सहसा या योजनेत नसतात, मोठे मॉल असतात.

विमानतळावर क्रम चुकला की परतावा गेला. आधी कस्टम्सच्या खिडकीवर वस्तू, पावती आणि अर्ज दाखवून शिक्का, मग बॅग चेक-इन, मग पासपोर्ट तपासणी, आणि आत गेल्यावर पैशांची खिडकी. वस्तू बॅगेच्या तळाशी भरून बॅग आधीच चढवली तर शिक्का मिळत नाही. म्हणून परताव्याच्या सगळ्या वस्तू एका वेगळ्या पिशवीत वर ठेवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. शिवून आणलेला कोट मात्र घडी घालून बॅगेत कोंबू नका. खांदे उलटे करून एक दुसऱ्यात घाला, मधे टिश्यू कागद, आणि विमानात वरच्या कप्प्यात सगळ्या सामानावर आडवा.